‘हो’ नको

आधी ब्रदरांचं नाव घेते, मग काय झालं ते सांगते. नाव तरी काय, दवाखान्यात सगळे त्यांना ब्रदरच म्हणायचे. मी आज या गावात टिकून आहे ती त्यांच्यामुळं.

कोणी त्यांना ‘हो’ म्हटलं की त्यांचा डावा तळहात वर यायचा. एसटी थांबवायला माणूस करतो तसा नाही. हळूच, छातीपाशी, गरम कपाला वारा लागू नये म्हणून आडोसा धरावा तसा. आणि म्हणायचे, “हो नको. काय ऐकलं ते सांगा.”

समोर डॉक्टर असो, औषधाच्या खिडकीतला पोरगा असो, की मी, सगळ्यांना तेच. आणि त्यांना कोणी काही सांगितलं तर ते स्वतःही शाळेतल्या पोरासारखं शब्दाला शब्द परत म्हणून दाखवायचे. “खिडकीजवळच्या बाईंना सलाईन हळू करायचं. बरोबर?” समोरचा वैतागून “बरोबर” म्हणेपर्यंत हलायचे नाहीत.

तुम्ही कधी मोठ्या दवाखान्यात राहिला असाल तर तिथली नाती तुम्हाला माहीत असतील. फरशी पुसणारी, भांडं देणारी बाई ती मावशी. स्ट्रेचर ढकलणारा तो मामा. नर्स ती सिस्टर आणि नर्स पुरुष असला तर ब्रदर. मी नगरच्या त्या दवाखान्यात लागले तेव्हा ऐन पंचविशीत होते, आणि पहिल्याच दिवशी पिकल्या मिशांच्या एका म्हाताऱ्यानं मला “ओ मावशी” अशी हाक मारली. मी मागं वळून पाहिलं, मावशी कोण आली म्हणून. दिवसभर अशी मावशी, मामा, सगळी नाती कानावर पडायची. संध्याकाळी खोलीचं कुलूप काढलं की त्यातलं एकही माणूस आत नसायचं.

माझं गाव गोंदियाच्याही पलीकडं, धानाच्या बांध्यांचं. आठवीत शाळा सुटली. नवरा इथल्या एमआयडीसीत कामाला आला म्हणून मी मागून आले. तो पुढं गुजरातेत गेला आणि हळूहळू त्याचे फोन यायचे थांबले. मुलगी माझ्या आईजवळ गावाला राहते. मी दवाखान्याच्या ठेकेदाराच्या माणसांत इथंच राहिले. परत जाऊन सांगायचं काय, हा प्रश्न होता.

आमच्याकडं मोठ्या माणसाशी ‘जी’ लावल्याशिवाय बोलत नाहीत. हो जी, नाही जी, का जी. नगरच्या लोकांना त्याचं लई हसू. बाकीच्या मावश्यांनी माझं नावच ‘होजी’ ठेवलं. “ए होजी, बादली आण.” मी आणायची. खरं सांगायचं तर त्यांचं बोलणं मला निम्मं कळत नव्हतं. पण परत विचारलं की समोरची कपाळाला आठ्या घालायची, आणि आठ्या बघितल्या की मी ‘हो जी’ म्हणून मोकळी व्हायची. परगावात माणूस ‘हो’ म्हणून दिवस काढतो. तुम्ही काढले असतील तर तुम्हाला ठाऊक आहे.

ब्रदरांनी मला पहिल्यांदा पकडलं ते चादरींवरून. काय बदलायचं, कुठलं धुवायला द्यायचं, ते भराभरा बोलले. मी म्हटलं, “हो जी.”

तळहात वर आला. “हो नको, मावशी. काय ऐकलं ते सांगा.”

मी नखानं बोट कुरतडत उभी. मला वाटलं, आता आठ्या येणार. आल्या नाहीत. त्यांनी तेच परत सांगितलं, हळू. परत विचारलं. तिसऱ्या खेपेला मी सगळं बरोबर म्हणून दाखवलं तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि चालू लागले. शाबासकी नाही, काही नाही. पण त्या दिवशी चादरी घेऊन जाताना माझे पाय मोकळे पडत होते.

माणूस एकटा होता. बायको वारलेली, मूलबाळ नाही. वॉर्डात नेहमी भिंतीला उजवा खांदा लावून चालायचे, जातानाही आणि येतानाही. कँटीनमध्ये सगळे एका टेबलावर कलकलाट करत जेवायचे, आणि हे कोपऱ्यात, भिंतीकडं उजवी बाजू करून. सगळे म्हणायचे, ब्रदरांना शिष्टपणा फार. एक नवी सिस्टर तर म्हणाली, “बोलताना डोळ्यांत बघत नाहीत, तोंडाकडं बघतात. कसंतरीच वाटतं.”

मी त्यांच्या टेबलाशी गेले ती भातामुळं. इथं सगळ्यांच्या डब्यात बाजरीची भाकरी. तिनं माझं पोट भरायचं, मन भरायचं नाही. एकदा बघितलं तर ब्रदरांच्या डब्यात काठोकाठ भात. ते अकोले तालुक्याच्या वरच्या अंगाचे, भंडारदऱ्याकडच्या डोंगरातले.

“आमी भातवाले,” ते म्हणाले. खाण्याचं बोलले की त्यांची गावाकडची बोली बाहेर यायची. “तुमच्याकडं कोनचा पिकतो?”

“चिन्नोर जी.”

“वास येतो?”

“एका घरी शिजला का दुसऱ्या घरी कळते जी.”

“आमच्याकडंबी,” ते म्हणाले, आणि माझ्या डब्याकडं बघितलं. डब्यात दुकानातला मोठ्या दाण्याचा भात होता, कसलाच वास नसलेला.  त्यानंतर मी रोज तिथंच बसू लागले. फार बोलणं नसायचं. पण समोर कोणीतरी भात कालवतंय, एवढ्यानंही बरं वाटतं.

मध्येच दवाखान्यात सुधारणेचं वारं आलं. अधीक्षक सर कुठूनसं शिकून आले होते. आम्हाला हॉलमध्ये बसवलं, पडद्यावर चित्रं दाखवली, समोसे दिले. सांगणाऱ्यानं सांगायचं, ऐकणाऱ्यानं परत म्हणायचं, म्हणजे निरोपाची गडबड होत नाही, असं ते शिक्षण होतं. भिंतीवर कागद लागले. एक टीम केली. त्यात इन्चार्ज सिस्टर, ब्रदर, भूल देणारे डॉक्टर आणि आमच्यातली एक मावशी. सरांनी विचारलं तेव्हा बाकीच्या मावश्या मागं सरकल्या. मी सरकायला विसरले, म्हणून टीममध्ये मी.

सुरुवातीला त्याची चेष्टाच झाली. “मामा, चहा आणा.” “चहा आणा, ऐकलं. साखर कमी, ऐकलं. कोणी आणायचा, ते नाही ऐकलं.” मग चेष्टेचाही कंटाळा आला. भिंतीवरचे कागद वाऱ्यानं फडफडत राहिले. एकटे ब्रदर तेवढे तळहात वर करत राहिले. त्यांना आता लोक पोपटवाले ब्रदर म्हणू लागले. इन्चार्ज सिस्टर वाईट बाई नव्हती, पण एकदा वैतागून म्हणाली, “ब्रदर, मी इतकी वर्षं निरोप देतेय. या वयात मला पोपट करू नका.” ब्रदरांनी तिचं तेच वाक्य परत म्हटलं, “या वयात पोपट करायचं नाही. बरोबर?” सगळे हसले. ते नाही हसले.

मला कळलं ते चहामुळं. मी त्यांच्या उजव्या बाजूनं गेले, म्हटलं, “ब्रदर जी, चहा.” ते समोर बघत राहिले. मला वाटलं, आपलं काही चुकलं. रात्र काळजीत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं. मग मी कप घेऊन वळसा घालून डावीकडं गेले, तेच शब्द, त्याच आवाजात म्हटले. त्यांनी लगेच मान वळवली. “आणलात व्हय?”

तेव्हा ती भिंत, तो कोपरा, ते तोंडाकडं बघणं, सगळं मला एकदम उमगलं.  त्या दिवसापासून मी त्यांच्या डाव्या बाजूनं चालू लागले. कोणी त्यांना उजवीकडून हाक मारली की मी मोठ्यानं म्हणायची, “ब्रदर जी, तुम्हाला बोलावून रायले.”

हे असं काही दिवस चाललं. मग एकदा जेवताना त्यांनी घास खाली ठेवला. इतर वेळी मला मावशी, तुम्ही असं म्हणणारा तो माणूस त्या दिवशी म्हणाला, “पोरी, तुला कळलंय.”

मी मान खाली घातली.

“कोनाला बोलू नको. वॉर्डातनं काढतील मला. वॉर्ड सोडून मला दुसरं काय हाय?”

“हो जी,” मी म्हटलं.

मी वाट बघितली. पण तळहात वर आला नाही. तेवढा एक ‘हो’ त्यांनी तसाच ठेवून घेतला.

त्यानंतर ती साबुदाण्याची गोष्ट घडली.

जामखेडकडचे एक आजोबा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आले होते. पांढऱ्या, झुपकेदार मिशा. सोबत आजी. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी इन्चार्ज सिस्टर जाता जाता मला म्हणाली, “आजोबांना उद्या उपाशी ठेवायचं, आजींना सांगून ठेवा.” मी म्हटलं, हो जी. मी आजीला सांगितलं, “बाबाले उद्या उपाशी ठेवजा जी.” आजी म्हणाली, “व्हय.” बस. एक हो आणि एक व्हय.

सकाळी पेशंट ऑपरेशनला पोचवायचं काम ब्रदरांकडं होतं. थिएटरच्या दारात तिथल्या सिस्टरनं आजोबांना विचारलं, “उपाशी आहात ना?”

“व्हय,” आजोबा म्हणाले. “उपास हाय.”

तिनं बरोबरची खूण केली. स्ट्रेचर आत जाणार, तेवढ्यात ब्रदरांनी ते धरून ठेवलं. ते आजोबांच्या तोंडाकडं बघत होते. मिशीत पांढरा मणी चमकत होता.

“आजोबा, मिशीत काय हाय?”

आजोबांनी बोटानं चाचपलं. “साबुदाना,” ते खुशीत म्हणाले. “सुनंनं पहाटंच्या गाडीनं खिचडी धाडली. दान्याचा कूट घालून. लई झ्याक हुती.”

आजीनं उपाशी ऐकलं, पण तिच्या मनात ते उपास होऊन बसलं, आणि उपासाला साबुदाणा चालतो हे आपल्याकडं लहान पोरालाही कळतं. ऑपरेशन पुढं ढकललं. भुलीचे डॉक्टर भिंतीला टेकून उभे राहिले. एवढी खिचडी पोटात असताना भूल दिली असती, आणि खिचडी वर येऊन फुफ्फुसात गेली असती, तर आजोबा परत उठले नसते, असं ते म्हणाले.

दुपारी टीमला बोलावलं. मी दारापाशी उभी. ब्रदर टेबलाच्या टोकाला, भिंतीकडं उजवी बाजू करून बसलेले.

“मी मावशींना स्पष्ट सांगितलं होतं, उपाशी ठेवा म्हणून,” इन्चार्ज सिस्टर म्हणाली. “त्या हो जी म्हणाल्या.”

“तुम्ही काय सांगितलं?” सरांनी मला विचारलं.

“तेच जी.”

“आजी तर उपास म्हणतायत.”

“हीच अडचण आहे, सर,” सिस्टर म्हणाली. “यांची भाषा इकडच्या लोकांना लागत नाही. ठेकेदाराला सांगून दुसरी मावशी घेऊ.” रागानं नाही म्हणाली. ट्यूब गेली, बदलून घेऊ, असं म्हणावं तसं. सरांनी मान हलवली. मला खोलीचं कुलूप दिसलं, गोंदियाची गाडी दिसली, आईचा चेहरा दिसला. 

“सर,” ब्रदर म्हणाले, “मावशी बदलून आजीचा कान बदलायचा न्हाई.”

“म्हणजे?”

ब्रदरांनी माझ्याकडं बघितलं. ते आता काय बोलणार ते मला कळलं. मी आवाज न करता नुसते ओठ हलवले, नको जी. त्यांनी ते वाचलं. वाचलं, आणि तरी बोलले.

“मला उजव्या कानानं ऐकू येत नाही. डाव्यानं थोडं येतं. बरेच दिवस झाले. तुम्ही सांगितलेलं मी परत म्हणून दाखवतो ते त्यासाठी. चुकलं तर तुम्ही तिथंच सुधारता. मग मला वाटलं, माझं ऐकणं तपासावं लागतं तर समोरच्याचं का नको? म्हणून तुम्हालाही विचारायला लागलो.” ते थांबले. “मला ऐकू येत नाही म्हणून मी विचारतो. तुम्हाला येतं, म्हणून कोणी विचारत नाही. मावशींनी आजीला विचारलं नाही, सिस्टरनं मावशीला विचारलं नाही. ह्यातल्या एकीलाच का काढायचं?”

 इन्चार्ज सिस्टर टेबलावरच्या आपल्या हातांकडं बघत बसली. मग तीच उठली आणि आजीला घेऊन आली.

“चुकलं का काय आमचं?” आजी दारातूनच म्हणाली. “डाक्टरनं उपास धराया सांगितला म्हनून मीबी धरला. दोगांनी धरला म्हंजी गुन लवकर येतो. ह्या पोरीला काय बोलू नका. बोली वायली हाय तिची, पर दोन टाइम पानी इचारती.”

सिस्टर हसायला गेली आणि तिचे डोळे भरले. तिनं आजीला खुर्ची दिली. मग सगळे शब्द शोधू लागले, असा शब्द की ज्याचा उपास होणार नाही. डॉक्टर म्हणाले, पोट रिकामं ठेवा. सिस्टर म्हणाली, काही खाऊ नका.

“च्या?” आजीनं विचारलं.

“चहा पण नाही.”

“उपासाचं?”

“तेही नाही.”

“पानी?”

“पाणी पण नाही, आजी.”

“आन् मिश्री?” आजी म्हणाली. “म्हातारं मिश्री लावल्याबिगर उठत न्हाई.”

 मिश्रीचं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. त्या वॉर्डात ऑपरेशनच्या आधी आज जे सांगतात, अन्न नाही, चहा-पाणी नाही, उपासाचं नाही, तंबाखू-मिश्री नाही, ते आजीनं त्या खुर्चीत बसून घडवलेलं आहे. ती टीम खरी टीम झाली ती त्या दुपारी. आणि शेवटी आजीनं ते सगळं परत म्हणून दाखवलं, तेव्हा इन्चार्ज सिस्टरचा तळहात छातीपाशी वर आलेला मी बघितला. तिला तो कळलाही नसेल.

दुसऱ्या दिवशी आजोबांचं ऑपरेशन नीट झालं. मी राहिले. ब्रदर वॉर्डात राहिले नाहीत.

कोणी त्यांना वाकडं बोललं नाही. सगळं काळजीपोटीच झालं. कान तपासले, यंत्र दिलं. ते लावून बघायचे आणि म्हणायचे, “ह्यातनं पंखाच लई चांगला ऐकू येतो.” मग पेशंटच्या जिवाचा प्रश्न म्हणून त्यांना खालच्या खोलीत दिलं, जिथं ऑपरेशनची हत्यारं वाफेवर उकळून निघतात. यंत्रांची घरघर, बाकी कोणी नाही. तिथं ते गॉजच्या घड्या घालत बसायचे. वर वॉर्डात सगळे एकमेकांना परत म्हणायला लावू लागले होते, सिस्टर, मामा, औषधाचा पोरगाही. मी जेवताना खाली जाऊन त्यांना सांगायची. “आज इन्चार्ज सिस्टरनं मोठ्या डॉक्टरला थांबवलं जी, काय ऐकलं सांगा म्हणे.” ते माझ्या ओठांकडं बघायचे, मान डोलवायचे. “बरं झालं,” म्हणायचे. पुढचा घास घ्यायला त्यांना वेळ लागायचा.

निवृत्तीला अवकाश होता. पण पाऊसकाळ सरता सरता त्यांनी काम सोडलं. निरोपाला हॉलमध्ये समोसे दिले. सरांनी भाषण केलं. ब्रदर सरांच्या उजव्या हाताला बसले होते, म्हणजे सर त्यांच्या डाव्या बाजूला, तरी त्यांना कितपत कळलं देव जाणे. सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवायला ते थोडे मागं पडले.

मी माळीवाड्याच्या स्टँडवर सोडायला गेले. शहराचं नाव बदललं तेव्हा ब्रदर म्हणाले होते, “पाटी एका दिवसात बदलती, जिभेला वेळ लागतो.” स्टँडवर पाटी नव्या नावाची आणि कंडक्टर अजून “नगर, नगर” करत होता, ते बघून आम्ही दोघं हसलो. मग राहुरी, संगमनेर, अकोले अशी गाडी लागली. ते खिडकीत बसले. ट्रंक एक, पिशवी एक. एवढा संसार.

गाडी सुरू झाली. इंजिनचा धडधडाट. त्यांनी खिडकीतून वाकून विचारलं, “पोरी, येशील ना कवा अकोल्याला? की विसरशील?”

“येईन, हो जी,” मी म्हटलं.

त्या धडधडाटात त्यांना ते ऐकू जायचं कारण नव्हतं. पण ओठ वाचले. आणि खिडकीच्या गजांमागं तळहात वर आला.

“हो नको. काय ऐकलं ते सांग.”

गाडीतले लोक बघत होते. मला लाज वाटली नाही. मी टाचा उंचावून, ओठ मोठे करून, एकेक शब्द सुटा म्हटला. “मी अकोल्याला येणार. आईकडून चिन्नोर आणणार. तुमच्या चुलीवर शिजवणार. तुम्हाला वाढणार.”

“चिन्नोरचं मी न्हाई बोललो,” ते म्हणाले.

“ते मी बोलली जी.”

त्यांनी मान डोलावली. “बरोबर,” म्हणाले. गाडी निघाली.

आता कँटीनच्या त्या कोपऱ्यात मी बसते, भिंतीकडं उजवी बाजू करून. दोन्ही कान धड असताना. आमच्यात नवीन मुलगी आली आहे, नांदेडकडची. सारखं हो हो करते. काल तिला काही सांगताना माझाच हात वर आला, आणि तिनं असं घाबरून बघितलं की मी तेच परत, हळू सांगितलं.

अकोल्याला जाणं अजून झालेलं नाही. सुट्टी मिळत नाही, आणि मिळाली की मुलीकडं जाते. पण गेल्या खेपेला आईकडून चिन्नोर आणला आहे. डब्यात कडुनिंबाचा पाला घालून ठेवला आहे, कीड लागू नये म्हणून. मधून मधून झाकण उघडते, वास आहे का बघते. आहे.

ब्रदर, मी काय ऐकलं ते परत सांगते. मी येणार. चिन्नोर आणणार. तुमच्या चुलीवर शिजवणार. आणि वाढायला तुमच्या डाव्या बाजूला बसणार.